मारुलाचे तेल जेवणात चालेल, गोरखचिंचेचे नको

वाचकाचे पत्र : माझा मुलगा नोकरीनिमित्त नामिबियात असतो. यंदा सुट्टीवर येताना त्याने तेलाच्या दोन बाटल्या आणल्या. पाव लिटरच्या बाटलीत मारुला नावाच्या रानझाडाच्या बियांचे तेल असून तिच्यावर ते खाद्यतेल असल्याचे छापले आहे. दुसरी बाटली लहान, ड्रॉपरची आहे आणि तिच्यात बाओबाबच्या बियांचे तेल आहे. सोबतच्या पत्रकात ही तेले अँटिऑक्सिडंटांनी समृद्ध, ऑलिव्ह तेलाच्या दहापट टिकाऊ आणि हृदयाचे रक्षण करणारी आहेत, असे म्हटले आहे. माझ्या यजमानांचे वय ६१ असून दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. आमच्याकडे शेंगदाणा तेल वापरतात. ते बंद करून मारुलाचे तेल सुरू करावे का? त्यामुळे गोळ्या कमी होतील का? बाओबाबचे तेलही पोटात घेता येईल का? मुलगा म्हणतो की बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. ही झाडे वसईत आहेत, तर त्यांच्या बियांचे तेल घाण्यावर काढून घ्यावे का?
— एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : आपल्या चार प्रश्नांपैकी गोळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती महागात पडेल. अँजिओप्लास्टीनंतरची कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवण्याची औषधे कोणत्याही तेलाच्या भरवशावर कमी करायची नसतात, मग ते तेल कितीही शुद्ध असो आणि कितीही लांबून आलेले असो. मारुलाचे तेल खाल्ल्याने हृदयविकाराचे झटके टळले असे दाखवणारा मोठा, दीर्घकाळ चाललेला अभ्यास माणसांवर झालेला नाही. आपल्या यजमानांच्या गोळ्यांमागे मात्र हजारो रुग्णांवरच्या चाचण्यांचा आधार आहे. औषधाची मात्रा हृदयरोगतज्ज्ञच बदलतील. आपण फक्त ताटात काय वाढायचे ते ठरवावे, आणि पुढे जे लिहितो आहे ते तेवढ्यापुरतेच आहे.

मारुला हे आफ्रिकेतल्या कोरड्या माळरानांवर वाढणारे झाड आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा यांच्या कुळातले असून कोकणातल्या अंबाड्याचे ते बरेच जवळचे नातलग आहे. त्याची फळे हिरवी असतानाच झाडावरून गळतात आणि जमिनीवर पडून पिवळी होतात, म्हणून ती तोडावी लागत नाहीत, वेचावी लागतात. उत्तर नामिबियातल्या ओवाम्बो समाजात हे काम बायका करतात. फळाचा रस काढून आंबवतात आणि त्याचे ओमागोंगो हे पेय करतात. त्या पेयाभोवती भरणाऱ्या उत्सवाची २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. रस काढून उरलेल्या कोयी वाळवून साठवतात आणि सवडीने फोडतात. या कोयीचे कवच इतके टणक असते की ती दगडावर किंवा ओंडक्यावर धरून कुऱ्हाडीच्या पात्याने नेमक्या जागी घाव घालावा लागतो. फुटल्यावर आतल्या दोन-तीन कप्प्यांतून एकेक पांढरा गर टोकदार सळईने अलगद उचलून काढायचा असतो. मूठभर गर जमायला बराच वेळ जातो. या गराचा निम्म्याहून अधिक भाग तेल असतो आणि प्रथिनेही भरपूर असतात. घरोघरी तो कुटून, मळून तेल काढतात आणि कोंबडीच्या रश्शावर, कडधान्यावर किंवा रानभाजीवर वरून घालतात. ओंडांग्वा गावी असलेल्या एउदाफानो या महिला सहकारी संस्थेने हेच तेल यंत्रावर गाळून सौंदर्यप्रसाधनांच्या परदेशी बाजारात नेले. म्हणजे आपल्या हाती आलेली पहिली बाटली पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या तेलाची आहे. खाण्याच्या दृष्टीने तिच्याविषयी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता त्या तेलात काय आहे ते पाहू. तेल ज्या मेदाम्लांचे बनलेले असते, त्यांपैकी मारुलाच्या तेलात साधारण ७० ते ७८ टक्के ओलिक आम्ल असते. ऑलिव्ह तेलाची ख्याती ज्या एकअसंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) मेदाम्लावर उभी आहे, ते हेच. लिनोलिक आम्ल त्यात दहा टक्क्यांहूनही कमी असते आणि ओमेगा-३ जवळजवळ नसतेच. उरलेला भाग मुख्यतः पामिटिक आणि स्टिअरिक या संपृक्त (सॅच्युरेटेड) आम्लांचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये किमान ७० टक्के ओलिक आम्ल असलेल्या खाद्यतेलांच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असे छापायला मुभा दिली, पण तिला दोन अटी आहेत. पुरावा अनुकूल असला तरी निर्णायक नाही, हे सांगावे लागते. आणि रोजचे सुमारे २० ग्रॅम तेल हे संपृक्त मेदाच्या ऐवजी घेतलेले असावे, त्यात भर म्हणून नव्हे, हेही सांगावे लागते. ही दुसरी अट पत्रकांतून बहुधा गळते, आणि खरी मेख तिच्यातच आहे. वनस्पती तूप, पामतेल, लोणी किंवा साजूक तूप यांचा वापर कमी करून त्या जागी असे तेल आले तर रक्तातले घातक कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. नेहमीचे सगळे तसेच चालू ठेवून वरून दोन चमचे मारुला घेतले तर फक्त उष्मांक वाढतात, कारण तेल कोणतेही असो, एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी ठरलेल्या आहेत.

आपल्या घरातले शेंगदाणा तेल या हिशेबात कुठे बसते? त्यात ओलिक आम्ल निम्म्याच्या आसपास आणि लिनोलिक आम्ल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. हे तेल वाईट मुळीच नाही. उलट, लिनोलिक हे आवश्यक मेदाम्ल असून ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही, आणि मारुलात तेच कमी आहे. त्यामुळे शेंगदाणा तेल पूर्ण बंद करून केवळ मारुलावर राहणे पोषणाच्या दृष्टीने शहाणपणाचे नाही आणि खिशाच्या दृष्टीने तर नाहीच. ज्यांना ओलिक आम्लाचे प्रमाण वाढवायचे आहे, त्यांच्यासाठी करडईच्या आणि सूर्यफुलाच्या उच्च-ओलिक जातींची तेलेही असतात. रसायनाच्या नजरेने ती मारुलाच्या अगदी शेजारी बसतात, मात्र रानझाडाचे वलय त्यांना नाही.

पत्रकातल्या ‘दहापट टिकाऊ’ या शब्दांकडे थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण अँटिऑक्सिडंटांविषयीचा बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो. तेल खवट होते म्हणजे त्यातल्या मेदाम्लांवर हवेतला ऑक्सिजन चढतो, आणि हे चढणे रोखणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. लिनोलिक आम्लावर तो ओलिकच्या तुलनेत सुमारे दहा ते बारा पट वेगाने चढतो आणि जवसातल्या ओमेगा-३ वर त्याहूनही वेगाने. मारुलात लिनोलिक मुळातच थोडे असल्यामुळे ते तेल बाटलीत आणि तापवल्यावरही बराच काळ टिकते. हा त्याचा खराखुरा गुण आहे आणि प्रयोगशाळेत तो वारंवार दिसून आला आहे. ‘दहापट’ हा आकडा मात्र जाहिरातीचा समजावा, कारण ऑलिव्ह तेल कोणते घेतले आणि किती तापमानाला तपासले यावर तो बदलतो. या टिकाऊपणाचे श्रेय मुख्यतः मेदाम्लांच्या घडणीला जाते, अँटिऑक्सिडंटांच्या भरमसाट साठ्याला नव्हे. सूडानमधल्या मारुलाच्या तेलात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम टोकोफेरॉल, म्हणजे ई-जीवनसत्त्वाच्या गटातली द्रव्ये, आढळली आहेत. साध्या सूर्यफूल तेलात ती याच्या कितीतरी पट असतात. हिशेब मांडला तर चहाच्या एका चमच्यात अर्धा-पाऊण मिलिग्रॅम पडते, आणि प्रौढ माणसाला ई-जीवनसत्त्वाची रोजची गरज अमेरिकी मानकानुसार १५ मिलिग्रॅम आहे. सोबत काही फिनॉलवर्गी द्रव्ये आणि स्टेरॉल असतात, पण चमच्याच्या मापात तीही थोडीच.

आफ्रिकेतली सगळी रानबियांची तेले एकाच माळेचे मणी नाहीत, हे समजण्यासाठी कलाहारी वाळवंटातल्या मोंगोंगो या झाडाचे उदाहरण उत्तम आहे. एरंडाच्या कुळातल्या या झाडाच्या बिया बोत्स्वाना आणि नामिबियाच्या सीमेवरच्या सान लोकांचे मुख्य अन्न होत्या. मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात तिथे राहून केलेल्या नोंदींमुळे त्या जगभर माहीत झाल्या. मोंगोंगोच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे ४० टक्के असते आणि त्याखेरीज अल्फा-इलिओस्टिअरिक नावाचे, हवेवर फार लवकर सुकून दाटणारे आम्ल पाव हिश्श्याच्या आसपास असते. हे आम्ल आपल्या कारल्याच्या बियांतही सापडते. असे चटकन बिघडू शकणारे तेल सांभाळायला झाडाने बियांत गॅमा-टोकोफेरॉलचा मोठा साठा ठेवलेला असतो. म्हणजे ज्या तेलाला संरक्षणाची गरज जास्त, त्यात अँटिऑक्सिडंट जास्त. मारुलाला गरज कमी, म्हणून त्याचा साठाही कमी. पत्रके हा फरक पुसून टाकतात आणि टिकाऊ ते सारे अँटिऑक्सिडंटांनी भरलेले, असे वाचकाच्या गळी उतरवतात. शिवाय मोंगोंगोतले गॅमा-टोकोफेरॉल पोटात गेले तरी आपले यकृत टोकोफेरॉलचा अल्फा हा प्रकार निवडून रक्तात पाठवते आणि गॅमाचा बराचसा भाग बाहेर टाकते. पश्चिम आफ्रिकेतल्या शियाचे आणखी वेगळे. मोह आणि चिकूच्या कुळातल्या या झाडाच्या बियांतून निघते ते कोकमतेलासारखे घट्ट स्निग्ध. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोकोच्या स्निग्धाला जोड म्हणून सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना परवानगी दिली, त्या यादीत शिया आणि आपले कोकम शेजारी आहेत.

बाटलीतल्या तेलाचे रक्षण करणारे द्रव्य शरीरातल्या रक्तवाहिन्यांचेही तसेच रक्षण करील, ही समजूत मोहक आहे. मात्र ती चाचण्यांत टिकलेली नाही. परीक्षानळीत ऑक्सिजनचा मारा रोखण्याची क्षमता मोजून पदार्थांना अँटिऑक्सिडंटांचे गुण देण्याची एक पद्धत मध्यंतरी फार बोकाळली होती. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा गुणांचा आपला संग्रह २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण ते आकडे शरीरातल्या परिणामाविषयी काहीच सांगत नव्हते आणि विक्रीसाठी मात्र सर्रास वापरले जात होते. थेट माणसांवरच्या चाचण्याही सावध करणाऱ्या आहेत. हृदयविकाराच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांना अनेक वर्षे ई-जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, त्यांत फायदा दिसला नाही आणि हृदय कमजोर होण्याचे प्रमाण मात्र थोडे वाढलेले आढळले. २०११ मध्ये पुरुषांवरच्या दुसऱ्या चाचणीत अशाच मात्रेने पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. या मात्रा गोळ्यांच्या होत्या. चमचाभर तेलातून एवढे काही पोटात जात नाही, म्हणून तेलाला घाबरू नये. पण मुलाने किंवा आणखी कोणी उद्या ‘तेलाबरोबर ई-जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलही घ्या’ असे सुचवले, तर आपल्या यजमानांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर मोठ्या मात्रेतले ई-जीवनसत्त्व घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एकूण तेल किती, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात २००० किलोकॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलेले आहे. चौघांच्या घराला हे महिन्याला जेमतेम साडेतीन लिटर होते, आणि त्यात फोडणी, तळण, पोळीवरचे तूप आणि लोणच्यावरचा तवंग हे सगळे आले. किराणा यादीवरच्या तेलाच्या आकड्याला घरातल्या माणसांच्या संख्येने भागून पाहावे. भागाकार एका लिटरच्या वर जात असेल, तर तेलाची जात बदलण्याआधी माप बदलायला हवे. यजमानांच्या तब्येतीला त्याचा उपयोग कोणत्याही आयात तेलापेक्षा जास्त होईल.

मारुलाचे तेल वापरायचे ते असे. तळणात आणि कडक फोडणीत ते घालू नये. ते तापायला टिकते, पण त्याचा सौम्य, दाण्यांच्या जवळ जाणारा स्वाद उडून जातो आणि महागाचे तेल उगाच खर्ची पडते. भाकरीबरोबरच्या लसणाच्या कोरड्या चटणीवर, मेतकूट-भातावर, कोशिंबिरीवर किंवा वाफवलेल्या पालेभाजीवर कच्चेच एक चहाचा चमचा घालावे, आणि तेवढे इतर तेल किंवा तूप त्या दिवशी कमी करावे. एक जण खाणार असेल तर पाव लिटरची बाटली पन्नासेक दिवस पुरेल. मात्र हे झाड काजूच्या कुळातले आहे आणि घाण्यावरच्या, न शुद्ध केलेल्या तेलात बियांतली प्रथिने अंशमात्र उरू शकतात. म्हणून घरात कोणाला काजू किंवा पिस्ता खाऊन अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, घसा खाजत असेल, तर त्या व्यक्तीला हे तेल देऊ नये.

दुसऱ्या बाटलीचे उत्तर स्पष्ट आहे, ती पोटात घेऊ नये. ड्रॉपरची बाटली त्वचेसाठी भरलेली असते आणि तिच्यातले तेल खाण्याच्या कसोट्यांवर तपासलेले असेलच असे नाही, हे एक कारण. दुसरे कारण तेलातच आहे. बाओबाब हा कापूस, भेंडी आणि अंबाडी यांच्या कुळातला वृक्ष. त्याच्या तेलात ओलिक, लिनोलिक आणि पामिटिक आम्ले बऱ्यापैकी समतोल असतात, टोकोफेरॉलही असतात. पण त्यांच्याबरोबर सायक्लोप्रोपीन गटातली दोन मेदाम्ले, माल्व्हॅलिक आणि स्टर्क्युलिक, थोड्या टक्क्यांत असतात. सरकीच्या कच्च्या तेलातही हीच असतात. कोंबड्यांना सरकीची पेंड जास्त घातली की साठवणीतल्या अंड्यांचा पांढरा बलक गुलाबी पडतो, हे कुक्कुटपालनात जुने माहीत आहे आणि तो याच आम्लांचा प्रताप आहे. संपृक्त मेदाम्लाचे ओलिकमध्ये रूपांतर करणारे शरीरातले विकर (एन्झाइम) ती अडवतात. ट्राउट माशांवरच्या प्रयोगांत बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाबरोबर ती दिल्यावर यकृताचे कर्करोग वाढलेले दिसले होते. तीव्र उष्णतेच्या शुद्धीकरणात ती बरीचशी नष्ट होतात, म्हणून शुद्ध केलेले सरकी तेल खाण्यात चालते. आफ्रिकेत बाओबाबच्या बिया भाजून, उकडून किंवा आंबवून खातात, त्या प्रक्रियांनाही अर्थ आहे. आपल्या बाटलीतले तेल बहुधा कच्च्या बियांचे, थंड घाण्याचे असणार. कोरड्या टाचांना, कोपरांना किंवा केसांच्या टोकांना ते जरूर लावावे, पण आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून एक दिवस पाहावे.

मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. बाओबाब म्हणजे गोरखचिंच, आणि वसई-मुंबईच्या किनाऱ्यावरचे तिचे जुने वृक्ष आफ्रिकेशी चाललेल्या समुद्री व्यवहारातून आलेल्या बियांचे वंशज मानले जातात. तरीही त्यांच्या बिया घाण्यावर देण्याच्या भानगडीत पडू नये. वर सांगितलेली अडचण आहेच, आणि शिवाय बी टणक, सालासकट तेलाचे प्रमाण साधारण १२ ते १५ टक्के. लाकडी घाणा त्यातले निम्मेशिम्मे काढील आणि बाकीचे पेंडीत जाईल. त्या फळात खाण्याजोगे आहे ते बियांभोवतीचे पांढरे, खडूसारखे भुसभुशीत, आंबट पीठ. त्यात क-जीवनसत्त्व आणि विद्राव्य तंतू चांगले असतात. युरोपीय संघाने २००८ मध्ये आणि अमेरिकेने २००९ मध्ये अन्न म्हणून स्वीकारला तो हाच गर, तेल नव्हे. मध्य प्रदेशात मांडवगडाला येणारे प्रवासी ‘मांडू की इमली’ म्हणून हीच फळे विकत घेतात. मखमली सालीचे, न तडकलेले, बुरशीचा डाग नसलेले फळ मिळाले तर गर पाण्यात कालवून, धागे आणि बिया गाळून त्याचे सरबत करावे. साखर मात्र बेताने.

मारुलाची बाटली शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नये. गडद काचेची असली तरी कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवावी आणि उघडल्यापासून पाच-सहा महिन्यांत संपवावी. रंगपेटीसारखा किंवा जुन्या खोबऱ्यासारखा वास येऊ लागला की ते खाण्यात न घेता दिव्याला वापरावे. मुलगा पुढच्या खेपेस आणखी आणू का म्हणाला, तर चव घरच्यांना आवडली असेल तरच एखादी बाटली मागवावी, खाद्यतेल असल्याचा उल्लेख आणि भरल्याची तारीख पाहून. औषध म्हणून मागवू नये. यजमानांच्या पुढच्या तपासणीला जाताना तेलाचा मासिक हिशेब आणि घरी चालू असलेल्या सगळ्या कॅप्सूल-चूर्णांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी.